बिनकडीचं दार

चौदा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा होती आणि मैदानावर स्वच्छतागृह एकच, तेही बिनकडीचं. मध्यंतरात दार बाहेरून ओढून धरायला एक पालक लागायचा. आज लेकीच्या प्रशिक्षकांनी धनाजी मगदूमांना धरलं. "तेवढंच तोंड बंद राहील," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

पूर्वार्धभर मगदूम समोरच्या संघाच्या गोलजाळीमागे उभे राहून ओरडत होते. "ईश्वरी, मार की गं! ती बुटकी काय अडवतीया!" लेकीचा गोल मात्र झाला नव्हता.

आत गेलेली मुलगी बराच वेळ बाहेर येईना.

"झालं का बाळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"काका, जाळीमागं ओरडणारा माणूस अजून हाय का वो?" आतून रडका आवाज आला. "असला तर मी गोलात उभारणार न्हाई. सरांना सांगा, पोट दुखतंय."

समोरच्या संघाकडे दुसरी गोलकीपर नव्हती. नुसतं 'आहे' म्हटलं असतं, तरी ईश्वरीचा संघ अंतिम फेरीत गेल्यात जमा होता.

"गेला तो," ते कुजबुजले. "लोकांनीच हाकलला. जा, बिनघोर खेळ."

उत्तरार्धात ईश्वरीचा सणसणीत फटका त्या पोरीने आडवी झेप घेऊन बाहेर काढला. सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. मगदूमांच्याही तोंडात "शाब्बास गं पोरी" आलं होतं, पण ते त्यांनी तसंच गिळलं. तिने आवाज ओळखला असता.