सहाणेतली शाई

“टेबलावर ठेव,” मियाओ काका म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

पेइयुन शाई उगाळायची दगडी सहाण पुढे धरून तशीच उभी राहिली. जुन्या वस्तूंचे शौकीन हातातून हातात काही देत-घेत नाहीत. मध्येच निसटली तर कुणी फोडली यावरून कायमचं वैर. एकाने खाली ठेवायची, हात काढून घ्यायचा, मग दुसऱ्याने उचलायची. हे बाबांनीच तिला शिकवलं होतं, अगदी लहानपणी.

“एवढ्या वेळी घ्या ना, काका.”

“तुझ्या बापाशी जन्मभर भांडलो, पण त्याच्या हातातून काही घेतलं नाही. ठेव खाली.”

ती वाकली, पुन्हा सरळ झाली. सहाण घेऊन खिडकीपर्यंत गेली. कालव्यावर कुणीतरी चादर झटकत होतं. ती परत आली, पुन्हा खिडकीकडे वळली.

“या दगडापायी सगळं सूचौ शहर मला हसायचं. मागितला की तुझा बाप, म्हातारा लू, म्हणायचा, मी मेल्यावर ने. मेला एकदाचा, तर आता तू नाचवतेयस.” काकांनी मान पुढे काढून पाहिलं. “हे काय? धुतली नाहीस? शाईचे पापुद्रे झालेत! दगड वाया जातो अशाने. तुझा बाप असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.”

“त्यांनीच उगाळलीय ती.”

काकांनी मान मागे घेतली.

“उगाळून झाली आणि म्हणाले, चहाचं आधण बघून येतो. स्वयंपाकघराच्या दारातच पडले.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“दगड त्याने मला देऊ केला होता, शाई नाही,” ते म्हणाले. “ही अशी मी नेणार नाही. धुऊन दे, नाहीतर राहू दे तुझ्याकडे. पण मग शाईने दगड खराब होईल. बघ.”

तिने वाळलेल्या शाईवरून बोट फिरवलं. मग तिने पत्र्याच्या घमेल्यात पाणी आणलं, कमळाचं वाळकं बोंड घेतलं आणि घासायला लागली. शाई आधी हटेना. मग एकदम सुटली आणि खोलीभर कापराचा वास पसरला. बाबा लिहायला बसले की यायचा तो. तिचा हात थांबला. मग कुणी मागे लागल्यासारखी ती भराभर घासू लागली.

खालून जांभळा दगड वर आला. तिने तो पुसून टेबलावर ठेवला.

“बोटं काढ, पोरी.”

तिने काढली. काकांनी सहाण उचलली, तिच्यावर हलकेच फुंकर घातली. दगडावर वाफ धरली, अस्सल दगडाची खूण. त्यांनी ती मफलरमध्ये गुंडाळली.

दाराशी स्टुलावर बसून ते बूट घालत होते. काळ्या पाण्याचं घमेलं घेऊन पेइयुन मोरीपाशी गेली, परत आली. गॅलरीतल्या कुंड्यांपाशी गेली, तिथूनही परतली. पाणी तिच्या मनगटांवर हिंदकळत होतं.

“काका, हे कुठे ओतू?”

खाली काकांसाठी थांबलेला टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मियाओ काकांनी पायात घातलेला बूट पुन्हा काढला.