फोटोआधीची दाढी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आता एका दमात लिहून टाकतो.

बेघर, आजारी माणसांना शेवटचे दिवस नीट काढता यावेत म्हणून एका प्रार्थनामंडळाने चालवलेलं घर आहे. तिथे मी देणगीच्या आवाहनाचं पत्रक लिहायला गेलो होतो. एका दिवसाचं काम. देवाशी माझा संबंध परीक्षेच्या सकाळपुरता.

खिडकीजवळच्या खाटेवर वस्ताद होता. जन्मभर दुसऱ्यांच्या दाढ्या केलेला माणूस, आता हातात चमचा ठरत नव्हता. मला बघून म्हणाला, "लेखक ना? वाटलंच. उपाशी दिसतोस."

तिथेच जमलं आमचं.

फोटोसाठी मी मोबाइल काढला, तर त्याने चादर तोंडावर ओढली. "आधी दाढी."

घर सांभाळणाऱ्या ताई दारात होत्या. "वस्ताद, आज राहू द्या ना. तुकतुकीत माणसाला बघून कोण मदत करणार? परवा खाट नाही म्हणून एका बाईला परत पाठवलं मी." मग हळूच म्हणाल्या, "देव काही चेहरा बघत नाही."

"देव नसेल बघत," चादरीतून आवाज आला. "पोरगी बघेल. पत्रक कुठेही जातं. रस्त्यावर झोपलो, पण दाढी नाही चुकवली कधी."

ताई आत गेल्या आणि गरम पाण्याचा वाडगा नि वस्तरा आणून माझ्यापुढे ठेवला.

वस्तरा मी हातात धरला तोच उलटा. गाल इतके आत गेले होते, की पातं टेकायला जागा मिळेना. मग त्याने आतून जीभ लावून गाल फुगवला.

"कातडी ताण. अरे, दाढी करतोयस की गालगुच्चा घेतोयस?"

हनुवटीवर कापलंच.

"माझ्या दुकानात असतास तर पहिल्याच दिवशी हाकलला असता."

फोटो निघाला. हनुवटीला कापूस आणि मान ऐटीत. ताईंनी बराच वेळ बघितला. "हाच घ्या," म्हणाल्या.

मोरीत वाडगा धुताना त्यांनी सांगितलं, पोरीला तीनदा निरोप दिला होता. "माझ्यासाठी बाप कधीच मेला," म्हणाली ती. वस्तादपासून त्यांनी ते लपवलं नव्हतं.

निघताना वस्तादने माझी बाही धरली. "दोस्त म्हणून सांगतो. मी गेलो ना, की अशीच दाढी कर. पोरगी येईल शेवटचं बघायला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"करीन," मी म्हटलं. "ती नाही आली तरी करीन. आणि तोवर रोज सकाळी येतो. हात बसायला हवा ना माझा."