भिंत छतापर्यंत

"चार वाजताच ये," शर्मिष्ठाने अनयला फोनवर बजावलं होतं. तो वेळेवर आला. धंद्यात पैसा घालणारा एक माणूसही बरोबर घेऊन आला.

मुलुंडची ही दुसऱ्या मजल्यावरची जागा एकेकाळी दोघांनी मिळून थाटली होती. ज्याला घरात काम करायला कोपरा नाही, त्याने इथे टेबल भाड्याने घ्यावं, एवढा साधा धंदा. जरा बस्तान बसलं, तसा अनय निम्मे सभासद फोडून समोरच्या बिल्डिंगमध्ये गेला. आता त्याला हा मजलाही हवा होता.

उरलेल्या सभासदांना त्याने आधीच गाठलं होतं. खुर्च्या नव्या देतो, बाकी सगळं आहे तसंच. "ताई, देऊन टाका ना," जान्हवी काल म्हणाली होती. "नाही दिलीत तर आम्ही तिकडे जाऊ." जान्हवी अगदी सुरुवातीपासून इथे बसून पुस्तकांची कव्हरं करत होती. तिच्या तोंडून ते ऐकताना शर्मिष्ठाला अनयचा गळा धरावासा वाटला. माणसंच गेली तर रिकाम्या टेबलांची काय पूजा करायची?

मीटिंग रूममध्ये अनय ऐसपैस बसला.

"भांडून काय मिळणारे, शर्मी? सही कर, मोकळी हो."

"आणि माझी माणसं?"

"अगं, सगळं आहे तसंच राहील. शब्द देतो ना."

शब्द द्यायला तो पहिल्यापासून सढळ होता. मग, ती ज्याची वाट बघत होती ते वाक्य आलं. "पाच मिनिटं आम्हा दोघांना दे यार. जरा आपसात बोलतो." ही त्याची जुनीच खोड. कोणताही व्यवहार असो, शेवटी समोरच्याला बाहेर काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शर्मिष्ठा उठली. बाहेर येऊन तिने काचेचं दार अलगद लावून घेतलं.

शेजारीच चहाची खोली. अनयच्या वेळी तिथे अडगळ असायची. चारला सगळे सभासद तिथे कप घेऊन जमतात, आजही जमले होते. राजारामकाका चहात आलं किसून टाकत होते. ते विम्याची कामं करायचे. मुलगा आणि सून दोघंही घरून काम करायला लागली, तेव्हापासून त्यांनी इथे टेबल घेतलं होतं.

इथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी वायफायचा पासवर्ड देतात आणि आणखी एक गोष्ट सांगतात. मीटिंग रूममध्ये पगाराचं, आजाराचं, बायकोचं बोलू नका. त्या खोलीची भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच आहे, खर्च वाचवायला अनयनेच तेवढी ठेवली. वरच्या पोकळीतून शब्द न् शब्द चहाच्या खोलीत उतरतो. आवाज इतका स्पष्ट येतो हे शर्मिष्ठालाही अनय गेल्यावरच कळलं, एका सभासदाचं मोडलेलं लग्न सगळ्यांना चहाबरोबर कळलं तेव्हा. अनयला हे सांगणार कोण? तीच. आणि ती मेली तरी सांगणार नव्हती.

"थोडे दिवस गोड बोलू," वरून अनयचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "मग अख्खा मजला एका कंपनीला देऊन टाकू."

"आणि हे लोक?" पाहुण्याने विचारलं.

"जातील कुठेतरी. त्या कव्हरवाल्या पोरीनेच सगळ्यांना पटवलंय, आपलं काम फुकटात झालं."

जान्हवीने कप खाली ठेवला. शर्मिष्ठाला इतकं बरं वाटलं की तिने ओठ आवळून धरले.

"आणि तो म्हातारा," अनय हसत म्हणाला. "घरात सगळ्यांना नकोसा झालाय म्हणून इथे येऊन बसतो. त्याला तर पहिला काढू."

चहा उतू गेला. राजारामकाकांच्या हातातली किसणी तशीच राहिली.

"हो माझ्याबद्दलच बोलता मां?" त्यांनी हळूच मालवणीत विचारलं.

शर्मिष्ठाने सूड उगवायचं ठरवलं तेव्हा काकांचा विचार केला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, जाऊन दार ठोठावावं. पण ती जागची हलली नाही.

थोड्या वेळाने अनय हसतमुखाने बाहेर आला. "अरे वा, सगळेच इथे! टेन्शन घेऊ नका हां. सगळं आहे तसंच राहील."

"माझी खुर्ची पण?" राजारामकाकांनी विचारलं.

अनय हसतच राहिला. मग त्याने जान्हवीकडे बघितलं, बाकीच्यांकडे बघितलं. मग मधल्या भिंतीकडे, आणि सावकाश वर.

"भिंत छतापर्यंत नेऊया म्हणून मी घसा फोडून सांगत होते," शर्मिष्ठा म्हणाली. "काय म्हणाला होतास, आठवतं? वर कोण बघायला जातंय!"

अनयची मान अजून वरच होती.

"बरोबर होतं रे तुझं. बघायला कोणीच गेलं नाही," ती म्हणाली. "आम्ही इथेच उभं राहून ऐकलं."