चहाडखोर

“अगं केतकी, पुसू नकोस!” सासूबाई कणकेच्या हातांनीच धावत आल्या.

केतकी कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम पुसून लिनक्स टाकायला बसली होती. जुनीला पाळत ठेवायची खोड. काय शोधलं, काय वाचलं, सगळं हेरायची. आठवडाभर पडद्यावर पाळण्यांच्या जाहिराती नाचत होत्या. मागच्या खेपेला दिवस गेल्याची बातमी गावभर झाली, आणि मग सांत्वनंही गावभरची सोसावी लागली. या खेपेला तिसरा महिना सरेपर्यंत सासूबाईंनासुद्धा सांगायचं नव्हतं.

“माझे पाळणे आहेत त्यात.”

“कसले पाळणे, आई?”

“गायचे गं. नेटवर जुने शोधते, नवे रचते. तुला चहाचा वास नकोसा झाला ना, तेव्हापासून.”

केतकी लाजून हसली. “म्हणजे जाहिराती तुमच्यामुळे!”

“मी तर कुण्णाला बोलले नाही हो. फक्त याला.”

“तोच तर चहाडखोर!”

पाळणे पेनड्राइव्हवर उतरले, नवी सिस्टीम आली. कोऱ्या पडद्यावर सासूबाईंनी हात धुऊन पहिली ओवी टाइप केली:

पाळण्याच्या दोरीला गुंफिते मोगरा,
सरू दे गं तीन मास, मग सांगेन नगरा.