गौण वाक्य

इमोजीनबाईंनी सहाही चिठ्ठ्या हेडमास्तरांच्या टेबलावर पत्ते लावावेत तशा ओळीनं लावल्या.

"बघा, डेल्मर. आठवीतली रोवेना स्टिडम. सहा गैरहजेऱ्या, सहा चिठ्ठ्या, खाली आईची सही. आणि यातली एकही आईनं लिहिलेली नाही."

डेल्मर प्रॅट यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अक्षरावरून म्हणताय?"

"अक्षर तर आहेच. गोल गोल, पोरीचंच. ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या कार्डावर आईनं सही केली, ती पाहा. कोंबडीनं माती उकरल्यासारखी. चार महिन्यांत अक्षर इतकं सुधारतं होय? पण मी पकडलं ते वाक्यांवरून."

एकतीस वर्षं केंटकीच्या त्या डोंगरात व्याकरण शिकवून इमोजीनबाईंना पोरांच्या लबाडीचा वास फाटकातूनच यायचा. कुणाची आजी खरंच वारली आणि कुणाची तिसऱ्यांदा वारली, हे त्या निबंधाच्या पहिल्या ओळीवरून सांगत. आताही त्यांचा आवाज चोर सापडल्याच्या समाधानानं भरून आला होता.

"सप्टेंबर. 'रोवेना आजारी होती. ती घरी होती.' केवल वाक्यं. मी वर्गात तेव्हा काय शिकवत होते? केवल वाक्य. ऑक्टोबर. 'रोवेनाला खोकला होता आणि तिला ताप आला.' संयुक्त. मी 'आणि', 'पण' शिकवलं त्याच आठवड्यात. नोव्हेंबर. 'जेव्हा शेगडी धुमसते तेव्हा रोवेनाची छाती भरते.' मिश्र वाक्य! आणि गौण वाक्य आधी आलं की मध्ये स्वल्पविराम हवा, तो नाही. रोवेनाही नेमका तोच विसरते. आई माझ्या पुस्तकाच्या मागोमाग आजारपण कळवते की काय?"

प्रॅट हसले नाहीत. पालकाची खोटी सही म्हणजे दहा दिवस शाळेबाहेर, हा नियम होता. रोवेनाच्या गैरहजेऱ्या आधीच काठावर आल्या होत्या. त्यात हे दहा दिवस धरले, तर तिचं वर्ष बुडत होतं.

"पोरगी काय म्हणते?"

"आईनंच लिहिल्या म्हणते. बाकी विचारलं की मान खाली. तोंडाला कुलूप. खरं असतं तर बोलली नसती का?"

रोवेनाला घरी बसवायचं की नाही ते ठरवायचंय, एवढंच कळवून आईला बोलावणं गेलं होतंच. ऑपल स्टिडम अकराच्या सुमाराला आल्या. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरातून तशाच आल्या होत्या. ब्लीचनं सोललेले हात त्यांनी कोटाच्या खिशात घातले, मग ते बरं दिसणार नाही असं वाटून बाहेर काढले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

"या चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्यात?" इमोजीनबाईंनी विचारलं.

"हो, बाई."

"सगळ्या?"

"हो, बाई. काही चुकलं का त्यात?"

आई पोरीला पाठीशी घालणार, हे इमोजीनबाईंनी गृहीतच धरलं होतं. मायलेकी घरून ठरवून आल्यासारख्या एकच उत्तर देत होत्या, म्हणून तर संशय आणखी पक्का झाला.

"तुमचं शिक्षण किती झालंय?"

ऑपल यांनी जमिनीकडे पाहिलं. "तिसरी. मग आई गेली, धाकटी भावंडं होती."

इमोजीनबाईंनी प्रॅट यांच्याकडे नजर टाकली. आता आणखी काय हवं, असा त्या नजरेचा अर्थ होता. त्यांनी एक कोरा कागद सरकवला, त्यावर आपलं लाल पेन ठेवलं.

"मग आमच्यासमोर एक वाक्य लिहा. एकच. या नोव्हेंबरच्या चिठ्ठीसारखं."

प्रॅट यांना ते आवडलं नाही. "राहू द्या हो, इमोजीनबाई..."

"लिहू देत की. लिहिता येत असेल तर दोन मिनिटांचं काम."

ऑपल यांनी कागद जवळ ओढला. पेन मुठीत धरलं, मग आठवण आल्यासारखं बोटांत नीट धरलं. थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. इमोजीनबाई घड्याळाकडे बघत होत्या.

"बाई," ऑपल यांनी मान वर करून विचारलं, "गौण वाक्य आधी घेऊ की नंतर?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न इमोजीनबाईंना एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

त्यांची नजर घड्याळावरून ऑपल यांच्याकडे वळली. ऑपल यांना वाटलं, आपलं चुकलं.

"रागावू नका पोरीवर. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ मीच तिला घातली होती. एवढी घोडी झाल्यावर अक्षर गिरवते म्हटल्यावर लोक हसतील ना. तुम्ही दिवसा शिकवता, ती जेवणं झाली की मला शिकवते. तिचंच अक्षर बघून काढते, म्हणून ते तसं. परवा म्हणाली, सोमवारी बाई वाक्याचा चौथा प्रकार घेणार, संयुक्त आणि मिश्र एकत्र."

इमोजीनबाईंना स्वतःची लाज वाटली. सहा चिठ्ठ्या त्यांनी ओळीनं लावल्या होत्या, एक एक पायरी बोट ठेवून दाखवली होती, आणि कुणीतरी शिकत असेल एवढं एकच त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"आधी घ्या," त्या हळूच म्हणाल्या.

ऑपल लिहायला लागल्या. ओठ हलत होते. वाक्य संपवून त्या थांबल्या, बोट ठेवून पुन्हा वाचलं, 'अरे हो' असं पुटपुटल्या आणि मागे जाऊन मध्ये एक स्वल्पविराम घातला. मग कागद वळवून बाईंच्या पुढे ठेवला.

'जर तुम्ही रोवेनाला घरी बसवलं, तर माझी शाळा बुडेल.'