हरणाऱ्याचा ग्लास

कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवायच्या खेळातला शेवटचा दगड वेंडलच्या हातात होता. समोर, बर्फावर रंगवलेल्या वर्तुळाच्या ऐन मध्यावर, लोर्नचा लाल दगड येऊन बसला होता. तो उडवला की सामना अमेरिकेवाल्यांचा, म्हणजे वेंडलच्या गावाचा. नाही उडवला तर यजमानांचा, म्हणजे कॅनडाचा. दोन्ही गावं एकाच नदीच्या दोन काठांवर, मध्ये एक पूल.

असा दगड वेंडलने झोपेतही उडवला असता. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरा उद्योगच नव्हता.

वर्तुळामागे लोर्न बर्फ घासायचा झाडू टेकून उभा होता. एकतीस वर्षं, दर फेब्रुवारीत, तो तिथूनच ओरडायचा, "म्हाताऱ्या, वाकतोयस खरा, पण उठवायला क्रेन कोण आणणार?" आणि वेंडल त्याला त्याहून घाण काहीतरी ऐकवायचा. यंदा लोर्न एवढंच म्हणाला, "शुभेच्छा, वेंडल." पोस्टातल्या खिडकीमागून बोलावं तसं.

वेंडलला ते लागलं. हिवाळाभर त्याच्या देशातली मोठी माणसं टीव्हीवरून शेजाऱ्यांचा देश खिशात घालायच्या गप्पा मारत होती, आणि पुलापलीकडची माणसं दिवसेंदिवस सभ्य होत चालली होती. बेकरीतली बाई आता गुडघ्यांची चौकशी करत नसे. वेंडलने तिची माफी मागून टाकली होती. नाक्यावरच्या शिपायाचीही मागितली होती. "तुला काय राजदूत नेमलाय?" त्याची बायको आर्डिस आज पुलावर म्हणाली होती. "त्या बिचारीला पाव विकायचेत. तुझं पाप पदरात घ्यायला ती बसलेली नाही."

पण आज वेंडलच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. या खेळाचा रिवाज असा, की जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायची आणि त्याचा ग्लास संपेपर्यंत समोर बसायचं. गेल्या आठवड्यात नदीच्या वरच्या अंगाचे अमेरिकन इथे येऊन जिंकले. हरलेल्यांनी हात मिळवले. मग कोणाच्या मुलीला ताप होता, कोणाची गाय अडली होती. पाच मिनिटांत क्लब ओस पडला आणि भरलेले ग्लास टेबलावर तसेच राहिले. म्हणजे जिंकलो तर लोर्न जाणार. हरलो तर बिचाऱ्याला बसावंच लागेल, निदान अर्धा तास. अर्ध्या तासात माणूस एखादी शिवी तर देतोच.

वेंडल वाकला आणि त्याने दगड सोडला. दगडापुढचा बर्फ घासायला धावलेली आर्डिस दोन पावलांतच थांबली. दगड लाल दगडाच्या हातभर बाजूने निघून गेला आणि मागच्या फळीवर आदळला.

"हा माझ्या आजीनेही उडवला असता," आर्डिस म्हणाली.

वेंडलने मान वर केली. लोर्न दगडाकडे बघतच नव्हता. तो वेंडलकडे बघत होता.

क्लबच्या वरच्या खोलीत लोर्नने दोन ग्लास भरून आणले आणि तो समोर बसला. व्हिस्की इथलीच होती. फळीवरची अमेरिकन बाटल्यांची जागा मोकळी केली होती आणि तिथे कोणीतरी एक कुंडी ठेवली होती. वेंडल अगदी ओठ ओले होतील एवढेच घोट घेत होता. त्याने नदीवरच्या बर्फाचा विषय काढला, लोर्नच्या नातीचा काढला. लोर्नने सगळ्याला नीट उत्तरं दिली, एकेका वाक्यात.

शेवटी वेंडलला राहवेना. "लोर्न, ते टीव्हीवर जे चाललंय ना, आम्ही तसे नाही रे. तुला तर ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

लोर्नने आपला ग्लास बाजूला सारला. "तो दगड तू मुद्दाम घालवलास."

वेंडलला खोटं बोलवेना. "वाटलं, जिंकलो तर तू निघून जाशील."

"गेलो असतो, नाहीतर नसतो गेलो." लोर्नचा आवाज चढला नव्हता. "माझं मी ठरवलं असतं. पण जिंकायचं कोणी तेही तुम्हीच ठरवणार, आणि आम्ही बसायचं कुठे तेही तुम्हीच. वर पुन्हा सगळं प्रेमापोटी."

वेंडलचे कान तापले. एकतीस वर्षांत या माणसासमोर त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. माफी अगदी जिभेवर आली होती, पण यंदा ती त्याने इतक्या जणांना वाटली होती, की लोर्नला द्यायला तिच्यात काही उरलं नव्हतं. लोर्न ताठ बसून होता. कोट त्याने अंगातून काढलाच नव्हता, आणि वेंडलचा ग्लास अजून जवळजवळ भरलेला होता.

वेंडलने तो उचलला आणि एका दमात रिकामा केला. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"संपला," तो म्हणाला. "आता तुझं तू ठरव."

आणि त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली. लोर्नला उठायचंच असेल, तर कोणाची नजर चुकवून उठावं लागू नये.