फूटभर खाली

नव्या घराच्या नकाशात वास्तुविशारद नवऱ्याने जिन्याखालची बुटकी खोली आपल्या वडिलांना देऊन टाकली. त्याच्याच ऑफिसात नकाशे काढणारी बायको म्हणाली, “अरे, बाबांचं डोकं छताला लागेल तिथे. शिवाय एवढी कमी उंची मंजूर व्हायची नाही.”

“मग उंची जिथून मोजतेस, ती शून्य पातळी सॉफ्टवेअरमध्ये फूटभर खाली ने. एवढंही मीच शिकवायचं का बाईसाहेबांना?”

तिने ती नेली. आकडा निमूटपणे नियमात बसला, नकाशा मंजूर झाला. छत मात्र होते तिथेच राहिले.



घर पाहायला आलेल्या पहिल्याच पाहुण्यांना तो डोळ्यांत बेताचे पाणी आणून सांगत होता, “वय झालं हो. बाबांना हल्ली ताठ उभं राहवत नाही.”